पुतण्याची रायफल टेक्सासहून बाणेरला आणता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. पुतण्या अकरा वर्षं टेक्सासमध्ये आहे, ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट अजून भारतीयच. येत्या एप्रिलमध्ये बायको-मुलांसह कायमचा बाणेरला परततोय. चार वर्षांपूर्वी त्याने तिकडच्या दुकानातून रुमानियात बनलेली, एके पद्धतीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल रीतसर विकत घेतली. काडतूस ७.६२ बाय ३९. दर शनिवारी रेंजवर जातो. पावतीवर 'स्पोर्टिंग रायफल' असं छापलेलं आहे. बिऱ्हाड हलवून परतणाऱ्याला एक बंदूक सोबत आणता येते असं त्याला कुणी तरी सांगितलं. काकांनी विचारलंय की हे खरं का, आणि ड्युटी किती पडेल.

ड्युटी राहू द्या. मुलगी बघायच्या आधी कार्यालय बुक करण्यातला प्रकार आहे. ही रायफल येणार नाही. एक बंदूक आणता येते हे मात्र खरं आहे, आणि लोक फसतात ते त्या अर्ध्या खऱ्यामुळेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिवाजीनगर कोर्टात शस्त्र परवान्यांची आणि कस्टम्सची कामं करत मला पंचवीस वर्षं होत आली. परदेशातून आलेल्या माणसाचा पहिला मुद्दा नेहमी एकच असतो: "तिकडे हे कायदेशीर आहे, माझ्याकडे कागद आहेत." कागद असतात, खरे असतात, पण ते तिथलेच असतात. पावतीवरचा 'स्पोर्टिंग' हा शब्द अमेरिकेच्या कायद्यातला आहे. आपल्याकडे बंदुकीला तिच्या नावाने कुणी ओळखत नाही. चाप ओढल्यावर ती काय करते आणि तिच्या नळीत कोणतं काडतूस बसतं, हे दोनच प्रश्न.

आता नियम. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडलेत. वर्ग एकमध्ये 'अ'ला प्रतिबंधित शस्त्रं, म्हणजे चाप दाबून धरला की मॅगझिन संपेपर्यंत झाडत राहणारी, पूर्ण स्वयंचलित. तुमच्या पुतण्याची तशी नाही, तो हेच सांगत असणार, आणि त्याचं बरोबर आहे. पण त्याच वर्गात 'ब'ला सेमी-ऑटोमॅटिक बंदुका आहेत: एका चापाला एक गोळी, पण पुढचं काडतूस आपोआप नळीत. आणि 'क'ला .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) रायफली, बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढून काडतूस चढवायच्या, असोत की सेमी-ऑटोमॅटिक, शिवाय लष्करी सेवेतलं ते काडतूस ज्या कुठल्या नळीत बसून उडतं ती प्रत्येक रायफल. म्हणजे पुतण्याची रायफल 'ब'मध्येही सापडते आणि 'क'मध्येही. बोलताना आम्ही या सगळ्याला 'पीबी' म्हणतो, प्रोहिबिटेड बोअर. कायद्याच्या भाषेत 'अ'ला प्रतिबंधित आणि 'ब', 'क'ला निर्बंधित असा फरक आहे आणि कोर्टात तो महत्त्वाचा ठरतो, पण कस्टम्सच्या काउंटरवर दोन्हींचा निकाल सारखाच.

इथे हमखास एक शंका येते. मित्राकडे परवान्याचं .३२ चं पिस्तूल आहे, तेही सेमी-ऑटोमॅटिकच ना? हो, तेही. पण 'ब'च्या वाक्यातच अपवाद आहे: फौजेचं काडतूस न बसणारी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर वर्ग तीनमध्ये मोडतात, ती परवान्यावर मिळतात. रायफलीला हा अपवाद नाही. अक्षरशः वाचलं तर .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफलसुद्धा त्यातून सुटत नाही, मग तिने माणूस काय, ससा मारणंही जिकिरीचं का असेना.

काडतुसाची गोष्ट तुम्हाला पटकन समजेल, कारण तुमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते असं तुम्ही लिहिलंय. घरात पेपरवेट म्हणून एखादं रिकामं पितळी कवच असेल तर त्याचा बूड बघा, 'केएफ' अशी अक्षरं असतील. किर्की फॅक्टरी, म्हणजे खडकीचंच इंग्रजी नाव. १८६९ पासूनचा कारखाना. सरकारचं म्हणणं इंग्रजांच्या काळापासून साधं आहे: फौजेच्या बंदुकीत बसणारं काडतूस लोकांच्या बंदुकीत बसता कामा नये. फौजेचा माल बाहेर झिरपला तरी बाहेर त्याला नळी मिळू नये. म्हणून तर आपल्याकडे शेतकऱ्याच्या आणि बँकेच्या रखवालदाराच्या खांद्यावर .३१५ दिसते, .३०३ नाही. हे तर्कशास्त्र एकदा डोक्यात बसलं की अनुसूचीतला क्लिष्टपणा निम्मा कमी होतो.

आणि ते किती काटेकोर आहे ते बघा. काही वर्षांपूर्वी कोथरूडचे एक गृहस्थ कॅनडाहून परतत होते. त्यांच्याकडे शिकारीची बोल्ट ॲक्शन रायफल होती, .३०८ विंचेस्टर. सेमी-ऑटोमॅटिक नाही, दिसायला लष्करी नाही, अक्रोडाचा दस्ता, वडिलांसारखी जपलेली. त्यांना वाटलं ही नक्की चालेल. मी टेबलावर फक्त एक तक्ता ठेवला: .३०८ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, नाटोचं ७.६२ बाय ५१ बसतं. 'क'. संपलं. शेजारीच .३०-०६ चा आकडा होता. गोळीचा व्यास तोच, पण पितळेचं कवच ५१ ऐवजी ६३ मिलिमीटर लांब, त्यामुळे सेवेतलं काडतूस त्यात जमत नाही आणि ती रायफल परवान्यावर चालते. आपल्याकडे इशापूरला सरकारी कारखान्यात ती बनतेसुद्धा. बारा मिलिमीटरचा फरक. गृहस्थ बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे दुकानात त्या दिवशी मी शेजारची उचलली असती तर..." तर, हो.

आता त्या सवलतीबद्दल. परदेशातून घर हलवून किमान एक वर्षासाठी भारतात राहायला येणाऱ्या माणसाला एक बंदूक आणू देण्याची तरतूद आहे. कस्टम्सच्या भाषेत ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, आमच्या भाषेत 'टीआर'. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाली तेव्हापासून सामान्य माणसासाठी हीच एक फट उरली आहे. तिच्या अटी मात्र सलग वाचायच्या असतात, लोक पहिली वाचून थांबतात. बंदूक परवानायोग्य बोअरची हवी. ती परदेशात किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात आणि वापरात असलेली हवी. भारतातला वैध शस्त्र परवाना आधी हातात हवा. लागू असेल ती ड्युटी पूर्ण भरायची, प्रवाशाच्या सामानाला ड्युटीत मिळणारी सूट बंदुकीला नाही. आणि एकदा आत आणली की हयातभर ती विकायची नाही, उसनी द्यायची नाही, कुणाच्या नावावर करायची नाही. शेवटची अट मुद्दाम घातलेली आहे. आयात बंद असल्यामुळे परदेशी बंदुकांना इथे वेड्यासारखी किंमत येते, आणि टीआरची सवलत म्हणजे धंदा होऊ नये.

पुतण्याचं प्रकरण यातल्या पहिल्याच अटीवर अडतं. पुढच्या चार त्याने पूर्ण केल्या तरी उपयोग नाही.

मग त्याने रायफल बदलावी का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुतण्या विचारील, कारण हुशार माणूस आहे. आज .३०-०६ ची बोल्ट ॲक्शन घेतली आणि एप्रिलमध्ये विमानात बसला, तर एक वर्षाची अट भरत नाही. पिस्तूल? अमेरिकेत दहातल्या बहुतेकांकडे नऊ मिलिमीटरचं असतं, ते आपल्या फौजेचं काडतूस म्हणून 'क'मध्ये. .४५ तेही तिथेच. त्याच्याकडे वर्षभर वापरलेलं .२२ चं पिस्तूल असेल तर माझ्याशी बोला, त्याचा विचार होऊ शकतो.

समजा तसं काही निघालं, तर क्रम सांभाळायचा: आधी परवाना, मग बंदूक. उलटं कधीच नाही. बाणेरला राहणार म्हणजे अर्ज पुणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत. वाकडला घर घेतलं असतं तर पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, पौडकडे बंगला बांधला असता तर जिल्हाधिकारी. अर्ज आता ऑनलाइन भरायचा, मग पोलीस ठाण्याची चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, घरात तिजोरी कुठे ठेवणार त्याची माहिती. अकरा वर्षं जो माणूस इथे नाही त्याची चौकशी शेजाऱ्यांकडे काय करणार, हा हवालदाराला खरोखरच प्रश्न पडतो, आणि त्याला दोष देता येत नाही. याला महिने लागतात. तोवर बंदूक तिकडेच एखाद्या परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, पूर्वी तीन होत्या. घरात वडिलोपार्जित काही त्याच्या नावावर चढलेलं असेल तर तेही मोजायचं.

आणि नंबर. माझ्या एका पक्षकाराचं पिस्तूल परवान्यावर चढवताना कारकुनाने अनुक्रमांकातल्या इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य टाइप केलं. सहारच्या कार्गोमध्ये तपासनिसाने भिंग लावून नळीवरचा कोरीव आकडा वाचला, कागद वाचला, पुन्हा नळी वाचली, आणि पेटी मिटवली. दुरुस्तीचा शेरा आणायला सात आठवडे गेले आणि तितक्या दिवसांचं गोदामभाडं. तेव्हापासून मी अनुक्रमांकाचा जवळून काढलेला फोटो अर्जालाच जोडतो आणि खाली शब्दांत लिहितो: 'तिसरं अक्षर ओ, अंक नव्हे'. हास्यास्पद दिसतं, चालतं.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा परवाना भारतात अजिबातच मिळत नाही का? कागदोपत्री मिळतो. तो अधिकार पुण्याच्या आयुक्तांकडे नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे, आणि तो जिवाला गंभीर धोका असलेल्यांसाठी आहे: दहशतवादग्रस्त भागात राहणारे, त्या कामावरचे अधिकारी, तशा स्वरूपाची माणसं. 'मला रेंजवर आवडतं' हे कारण तिथे चालत नाही. पंचवीस वर्षांत असा अर्ज कर असं मी फार थोड्यांना सांगितलंय, आणि बाणेरच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला सांगणार नाही.

खेळाडूंचा रस्ता वेगळा. परकीय व्यापार धोरणात नामवंत नेमबाज आणि रायफल क्लब यांना स्वतःच्या वापरासाठी आयातीचा परवाना मिळतो, क्रीडा खात्याच्या शिफारशीवर. बंदुकांची मर्यादाही त्यांना जास्त: फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार नामवंत नेमबाजाला एका प्रकारासाठी आठ, दोन प्रकारांसाठी दहा, त्याहून अधिक असतील तर बारा. पण गंमत अशी की या रस्त्यानेही पुतण्याची रायफल येत नाही, कारण तिला कुठल्याच ऑलिंपिक प्रकारात जागा नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, .२२ च्या रायफलीने, आणि त्यात प्रत्येक गोळी हाताने एकेक भरायची असते. आपोआप काडतूस चढवणाऱ्या रायफलीची शिफारस मागितली तर संघटनेचा माणूस आधी विचारील, कशासाठी?

"आर्मी तर अमेरिकेतून रायफली आणते" असं एक वाक्य माझ्या ऑफिसात महिन्यातून एकदा ऐकू येतं. आणते. २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ मागवल्या, ७.६२ च्याच. शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ सरकारसाठी आणलेल्या शस्त्रांना कायद्यातून बाहेर ठेवतं. तुमच्या पुतण्याला नाही.

अमेरिकेच्या बाजूनेही अडथळे आहेत, ते लोक विसरतात. अशा रायफली ९ मार्च २०२० पासून निर्यातीसाठी तिकडच्या परराष्ट्र खात्याच्या यादीतून वाणिज्य खात्याच्या यादीत गेल्या. म्हणजे परवानगीचं दार बदललं, परवानगी गेली नाही. भारतात कायमची न्यायची तर ती काढावीच लागते. वाटेत लंडनला विमान बदलायचा बेत असेल तर आणखी गंमत. हंगरफर्डच्या गोळीबारानंतर ब्रिटनने १९८८ मध्ये .२२ सोडून बाकी सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी घातली.

आणि पावतीवरच्या त्या 'स्पोर्टिंग'ची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. खुद्द अमेरिकेतच परदेशी रायफल सहज आत येत नाही. १९६८ च्या कायद्याने आयातीला 'खेळासाठी योग्य' ही कसोटी लावली. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या शाळेत एके पद्धतीच्या रायफलीने मुलं मारली गेली, त्याच वर्षी ४३ प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची आयात बंद झाली. १९९० मध्ये आणखी एक कलम आलं: आयातबंदी असलेल्या रायफलीची नक्कल परदेशी सुट्या भागांतून देशात जोडायची नाही. नियमात वीस भागांची यादी आहे, त्यातले दहापेक्षा जास्त परदेशी असता कामा नयेत. म्हणून रुमानियाची रायफल आधी साध्या, 'खेळाच्या' रूपात उतरते, मग तिकडच्या कारखान्यात तिचा चाप, दस्ता वगैरे अमेरिकन बनावटीचे बसवतात आणि तिला पुन्हा लष्करी चेहरा येतो. पुतण्याने दुकानातून घेतली ती बहुधा अशीच दोनदा जन्मलेली. भारताच्या अनुसूचीला यातलं काहीच दिसत नाही. भाग कुठल्या देशाचे हे ती विचारतच नाही.

(जाता जाता: तुमच्या सोसायटीतल्या एच-१बी वाल्या मुलांना हे जरूर सांगा. ग्रीन कार्डवाल्याला तिकडे बंदूक चालते. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीचा परवाना किंवा तसा एखादा अपवाद नसेल तर ती बाळगणंच संघराज्याचा गुन्हा आहे. मित्राच्या रेंजवर हौसेने फोटो काढून टाकणारे बरेच आहेत.)

आता सर्वात वाईट शक्यता. पुतण्या म्हणाला, घेऊनच येतो, बघू काय होतं. रेड चॅनलला जाऊन खरं सांगितलं, तर कस्टम्स कायद्याच्या कलम ८० खाली वस्तू अडकवून ठेवून देश सोडताना परत द्यायची विनंती करता येते. ती मान्य करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि शस्त्र म्हटल्यावर पोलीस येतातच. काहीच जाहीर न करता ग्रीन चॅनलमधून गेला, तर तो दरवाजाही बंद: जप्ती, दंड, आणि वर शस्त्र अधिनियमाचं कलम २५. २०१९ नंतर साध्या परवानायोग्य बंदुकीच्या बेकायदा ताब्याला किमान दोन वर्षं, प्रतिबंधित शस्त्राला किमान सात. दंड भरून सोडवून घेऊ, ही पुण्यात फार आवडती समजूत आहे. बंदी असलेल्या मालाला दंडावर सोडायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं, आणि रायफल म्हणजे सोन्याची साखळी नव्हे.

सुटे भाग पाठवणं हाही तोडगा नाही. कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' म्हणजे त्याचे भागही. पिंपळे सौदागरच्या एका तरुणाने परदेशातून कुरिअरने मॅगझिन मागवलं, वेष्टनावर 'कॅमेरा पार्ट्स'. रिकामं, पत्र्याचं, वाकडं मॅगझिन. त्याला वाटलं भिंतीवर लावू. मी त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा तो जबाब देऊन बाहेर आला होता आणि आईला फोनवर सांगत होता की ऑफिसात उशीर होतोय.

तेव्हा माझा सल्ला: रायफल तिकडेच परवानाधारक दुकानात विकायची, विक्रीची पावती जपून ठेवायची, आणि एप्रिलमध्ये हात हलवत यायचं. नेमबाजीची हौस खरी असेल तर बालेवाडीत रेंज आहे, क्लब आहेत. .१७७ बोअरची, २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय चालते. एके चालवलेल्याला ती खेळणं वाटेल. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो हे कळेपर्यंत.

तुमच्या शेवटच्या ओळीतलं राहिलं: रायफलीची ती कडक काळी पेटी रिकामी आणली तर चालेल का. पेटीला हरकत नाही, पण आणू नये. आणायचीच असेल तर आतला फोम उपसून काढा, खाचा उलट्या करून झटका, खिशांची अस्तरं बाहेर काढा. रेंजला नेलेली कुठलीही बॅग, अगदी पोराच्या पाठीवरचं दप्तरसुद्धा, तसंच. फोमच्या खाचेत अडकलेलं एक जिवंत काडतूस स्कॅनरला दिसलं की गुन्हा दाखल होतो. काडतूस आहे हे त्याला माहीतच नव्हतं, जाणीवपूर्वक ताबा नव्हता, असा बचाव आहे आणि तो चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात ताब्याला जाणीव लागते हे सांगून ठेवलंय. पण तो बचाव हायकोर्टात मांडायचा असतो. तोवर पासपोर्ट अडकतो, नव्या नोकरीची तारीख जाते, आणि माझी फी चालू राहते. बॅगा नव्या घ्यायला सांगा.